तीस कोऱ्या सह्या

वास आधी गुरुप्रसादला आला.

"ताई, खोलीत उंदीर मेलाय का गं?" इडल्यांचा डबा हातात तसाच धरून तो दारात थांबला.

"काहीतरी बोलू नकोस. चादर ओली झालीय, तेवढंच. ये, हात लाव."

रविवार होता. अण्णांना सांभाळणारी प्रेमा पंधरवड्यातून एकदा मिळणाऱ्या एका दिवसाच्या सुट्टीवर गेली होती आणि कंपनीने आठ वाजता पाठवतो म्हटलेली बदली बाई साडेनऊ झाले तरी उगवली नव्हती. फोन लावला की एक गोड आवाज इंग्रजीत सांगायचा, तुमची निश्चिंती हेच आमचं वचन, आणि मग सतार सुरू. विद्याने तीनदा सतार ऐकली आणि भावाची वाट बघत बसली. चौऱ्याऐंशी किलोंचा माणूस, उजवी बाजू लुळी. एकट्या बाईने त्यांची कूस वळवणं शक्यच नव्हतं. हे तिला सात महिन्यांत आज पहिल्यांदा कळत होतं. कारण सात महिन्यांत आज पहिल्यांदा तिने हात लावला होता.

गुरूने खांदे धरले, तिने कंबर. एक, दोन, तीन. अण्णा डाव्या कुशीवर आले आणि झटक्यानंतर त्यांच्याकडे उरलेला एकुलता एक शब्द तोंडातून बाहेर पडला.

"सरी."

विद्याने लुंगी सैल केली, डायपरची पट्टी ओढली. माकडहाडाच्या जागी भोक होतं. लिंबू बसेल एवढं. कडा काळ्या, आत पिवळा चिखल, आणि चिखलाच्या तळाशी काहीतरी पांढरट. गुरूने तोंड भिंतीकडे फिरवलं. विद्याच्या हातातली ओली चादर खाली पडली ती तिने उचललीच नाही.

"सरी," अण्णा म्हणाले. "सरी, सरी."

दामोदरअण्णा छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासनीस होते. यंत्राचा भाग बनून आला की मोजायचा, उलटा करून पुन्हा मोजायचा, मग आपल्या नंबरचा पितळी शिक्का मारायचा. सत्तेचाळीस नंबर. शिक्का सदऱ्याच्या आतल्या खिशात. बायकोलासुद्धा हात लावू दिला नाही कधी. शिक्का मारून झाला की समोर ताटकळलेल्या कामगाराला एकच शब्द, सरी. म्हणजे ठीक आहे, पास. कानडी शब्द, पण बसवनगुडीत तीन पिढ्या काढलेल्या त्या मराठी घरात कानडी कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होतं हे कुणी कधी मोजलं नव्हतं. अण्णांच्या तोंडून ते सरी निघावं म्हणून लोक दोन-दोन तास उभे राहायचे. एवढा कंजूष माणूस होता त्या शब्दाच्या बाबतीत.

मेंदूतली गुठळी सगळी भाषा घेऊन गेली आणि नेमका तोच शब्द ठेवून गेली. भूक लागली तरी सरी. माशी बसली तरी सरी. टीव्हीवर कुणी कुणाला शिव्या घातल्या तरी सरी. घरात सुरुवातीला रडारड झाली, मग सवय झाली, आणि मग, खरं सांगायचं तर, थट्टासुद्धा झाली. "अण्णांनी एकदाचं सगळं जग पास केलं," असं गुरू पाहुण्यांना सांगायचा. विद्याही हसायची.

दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. त्यांनी कुजलेलं मांस कापलं तेव्हा विद्या अण्णांचा डावा, चांगला हात धरून बसली होती. त्या हाताने तिची बोटं अशी आवळली की अंगठी रुतली. तोंडातून मात्र सरी. कात्री चालत होती आणि सरी. तिला वाटलं, आत्ता उठावं आणि भिंतीवर डोकं आपटावं.

"हे काल-परवाचं नाही," डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "तीन आठवडे तरी चाललंय. कूस कोण बदलतं?"

"दर दोन तासांनी बदलतात," गुरूने फोन पुढे केला. "हे बघा ना, रेकॉर्ड आहे. एकही चुकलेलं नाही."

त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "रेकॉर्ड पाठीखाली घालून झोपता येत नाही ना हो. ताप आला तर ताबडतोब ॲडमिट करा. हाडापर्यंत गेलं तर मग काही खरं नाही. आणि दोन तास म्हणजे दोन तास. दोन माणसं लागतील."

त्या गेल्यावर गुरू फोन घेऊन डायनिंग टेबलाशी बसला. बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत तो सॉफ्टवेअर बघायचा. ही 'सौख्यसाथ' नावाची कंपनी त्यानेच शोधली होती. तिथं ॲप होतं, तारे होते, प्रमाणपत्रांची रांग होती, म्हणून.

"ताई, सगळं हिरवं आहे गं. रात्री दोनला हिरवं, चारला हिरवं. मी रोज ऑफिसात बसून बघतोय. नव्व्याण्णव टक्के."

विद्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. अण्णांची जुनी बडबड. नवा पोरगा कारखान्यात आला की अण्णा त्याचा तक्ता हातात घेऊन म्हणायचे, अरे, वीस भागांची वीस मापं तंतोतंत सारखी आली म्हणजे तू मोजलेलंच नाहीस. माणसाने मोजलं की कुठंतरी केसाएवढं इकडंतिकडं होतंच. हे तिने लहानपणापासून जेवताना ऐकलं होतं. आणि महिनाभर बारा गुणिले तीस हिरव्या खुणा बघून तिला एकदाही वाटलं नाही, की अरे, ही प्रेमा झोपते कधी?

टीव्हीच्या खणात कंपनीचं गुणवत्तेचं पुस्तक होतं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसरी म्हातारी, अजून प्लॅस्टिकमध्येच. विद्याने प्लॅस्टिक फाडलं. एका विज्ञानसंस्थेच्या ग्रंथालयात तिची तीस वर्षं गेली होती. दुसऱ्यांची पुस्तकं उघडून द्यायची नोकरी, आणि हे एक घरात सात महिने बंद पडलं होतं. अठराव्या पानावर लिहिलेलं: रुग्णाचं वजन सत्तर किलोंच्या वर असेल तर कूस बदलायला दोन प्रशिक्षित माणसं असलीच पाहिजेत. रोज अंगाची त्वचा घरच्या माणसाने समक्ष बघून तक्त्यावर सही केली पाहिजे.

घरच्या माणसाने. समक्ष. बघून.

तिने पुस्तक मिटलं आणि तोंडावर पाणी मारायला गेली. तिला ती सकाळ आठवली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली ती आधी स्वतःवरच.

राज्य स्थापनेच्या दिवसाची, राज्योत्सवाची सुट्टी होती, याच महिन्याची एक तारीख. सुपरवायझर रघुनंदन छातीला लाल-पिवळी फीत लावून आला होता. बोलायला लोणी. "अक्का, रोज रोज तुम्हाला कशाला त्रास? हा महिन्याचा गठ्ठा. एकदमच करून टाका." तीस कोरे तक्ते. तिने डायनिंग टेबलावर बसून सटासट तीस सह्या ठोकल्या, वर त्याला फिल्टर कॉफी पाजली. सह्या चालू असताना प्रेमा आतल्या दारात येऊन म्हणाली होती, "अक्का, अज्जांच्या पाठीला लाल झालंय. स्वल्प येऊन बघता?" आणि विद्याने मान वर न करता सांगितलं, "क्रीम लाव."

का नाही गेली ती आत? कामाची घाई नव्हती, सुट्टी होती. खरं कारण तिला ठाऊक होतं आणि ते उच्चारायची लाज वाटत होती. बापाला उघडं बघायचं नव्हतं. लेकीने बापाचं अंग बघू नये, लेकाला तर बघवतच नाही, मग कुणीतरी परकी बाई आणायची, दार लोटून घ्यायचं, आणि आतून आवाज आला की टीव्ही मोठा करायचा. त्याला नाव काय द्यायचं, तर अण्णांचा मान राखला. शिवाय रोज उठून बाईच्या कामाची तपासणी करणं बरं दिसत नाही, संशय घेतल्यासारखं वाटतं, हेही होतंच. असला भंपक सभ्यपणा! त्या सभ्यपणाने बापाला लिंबाएवढं भोक पाडलं.

बदली बाई दुपारी अडीचला आली, पाच फुटांची, चाळीस किलोंची. अण्णांकडे बघून तिनेच कपाळाला हात लावला.

*

सोमवारी सकाळी सातला प्रेमा आली. केसांत मोगरा, हातात गावाकडच्या अवरेकाईच्या शेंगांची पिशवी. चाळिशीची, उंच, आधी पंधरा वर्षं गारमेंटच्या कारखान्यात शिलाईवर होती. विद्याचा चेहरा बघताच तिने पिशवी दारातच ठेवली.

"कधीपासून आहे ते?" विद्याने कानडीतून विचारलं. या दोघी कानडीतच बोलत.

"लाल राज्योत्सवाला. भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेच्या, परिषेच्या आधी कातडी फुटली. तुम्ही परिषेतून भाजलेल्या शेंगा आणल्यात, मलाही दिल्यात, त्याच्या दोन दिवस आधी."

विद्याने रात्रभर भांडणाची तयारी केली होती. बाई नाकारेल, रडेल, देवाची शपथ घेईल, मग आपण हे बोलू, ते बोलू. बाईने काहीच नाकारलं नाही. त्यामुळे तिचा आणखीनच तिळपापड झाला.

"आणि तू गप्प बसलीस? माझ्या बापाला जिवंतपणी कुजवलंस तू! माणूस आहेस का कोण आहेस?"

"तुम्हाला सांगितलं. तुम्ही क्रीम म्हणालात. सुपरवायझरला फोटो पाठवला." प्रेमाने स्वतःचा फोन काढून दाखवला. फोटो होता. खाली उत्तर म्हणून रघुनंदनने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. बस्स. "एअर बेड मागितला. म्हणाला, घरच्यांना विचारतो."

"मला कुणी विचारलं नाही!"

"मला काय माहीत अक्का? तुम्ही मोठी माणसं एकमेकांशी इंग्लिशमध्ये बोलता."

"आणि त्या हिरव्या खुणा? रात्री दोनला, चारला? त्या कुणी केल्या, भुताने?"

"मी दाबल्या," प्रेमा म्हणाली. आता तिचाही आवाज चढला. "कंपनीचा फोन वाजतो. दहा मिनिटांत दाबलं नाही तर सुपरवायझरचा फोन. दोनदा चुकलं की पॉइंट जातात, पॉइंट गेले की हे घर गेलं. मी चोवीस तासांची आहे अक्का. चोवीस तासांत बारा वेळा उठायचं, एकटीने एवढा मोठा माणूस वळवायचा, महिना महिना. पहिले तीन महिने वळवला. मग हे झालं." तिने पाठमोरी होऊन कुर्ता वर केला. कमरेला रुंद पट्टा होता, कडेला घामाने काळा पडलेला. "ट्रेनिंग दिलं एक दिवस. प्लॅस्टिकच्या बाहुलीवर. ती बाहुली मी एका हाताने उचलली. गारमेंटमध्ये शर्टांचे गठ्ठे तिच्याहून जड असायचे. तुम्हाला म्हटलं, अक्का, हात लावा. तुम्ही काय म्हणालात?"

आपण काय म्हणालो ते विद्याला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यासाठीच तर तुला ठेवलंय ना.

"मी खोटं दाबलं," प्रेमा म्हणाली. "मला शिव्या घाला, घ्यायच्या तेवढ्या घेईन. पण मी एकटी नाही खोटी. मी बटण दाबलं. तुम्ही तीस वेळा नाव लिहिलंत. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात."

विद्याचा हात वर गेला. खरंच गेला. मग तो तिने कसाबसा आपल्याच केसांवरून फिरवला आणि खुर्चीत बसली. कंपनीच्या फोनचा अलार्म आठला वाजला तेव्हा दोघी उठल्या आणि त्यांनी अण्णांना वळवलं. प्रेमाने कुठं धरायचं ते दाखवलं. बटण कुणी दाबलं नाही.

*

गुरूने रात्रीच ॲपवर तक्रार टाकली होती. अकरा वाजता कंपनीचा माणूस आला. रघुनंदन नव्हे, त्याच्या चार पायऱ्या वरचा. क्वालिटी हेड. यशोवर्धन नाव, बत्तीस-तेहतीसचा, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. गुरूही आला होता, दोन तास रिंग रोडवर सडून, चेहरा त्रासलेला.

"नमस्कार काकू. मी पुण्याचाच. म्हटलं, आपल्या माणसांकडे पर्सनली जावं. व्हेरी अनफॉर्च्युनेट इन्सिडंट. आम्ही फार सिरियसली घेतलंय."

"घेतलंय ना? मग आत चला, बघून घ्या."

"नाही नाही, पेशंटची प्रायव्हसी आहे. फोटो बघितलेत मी."

"बरोबर. सगळ्यांनी फोटोच बघितलेत."

त्याने ते कानाआड केलं. प्रेमाला बोलावलं, हिंदीत सांगितलं की आजपासून तुझी सेवा समाप्त, कंपनीचा फोन दे, ओळखपत्र दे. तिने दोन्ही टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, नाव काळ्या यादीत जाईल, या शहरातली कुठलीच चांगली एजन्सी आता तुला घेणार नाही. प्रेमा आत जाऊन आपली कपड्यांची बॅग भरायला लागली. स्वयंपाकघराच्या दारातून तिची पाठ दिसत होती, पट्ट्यासकट.

"तर काकू, ही इंडिव्हिज्युअलची चूक आहे. ह्यूमन एरर. सिस्टिममध्ये काही प्रॉब्लेम नाही. आज संध्याकाळपासून दोन प्लॅटिनम-ट्रेन्ड अटेंडंट, एअर बेड, ड्रेसिंगला नर्स. फक्त एवढ्यावर एक सही." त्याने कागद सरकवला. "फॅमिली समाधानी आहे, दोषी कर्मचाऱ्यावर कारवाई झाली, तक्रार बंद."

"आणि नाही केली तर?"

"काकू, मग मला ही फाइल लीगलला द्यावी लागेल." त्याने ती अगदी हळुवारपणे उघडली, लग्नाची पत्रिका दाखवावी तशी. तीस तक्ते. प्रत्येकावर बरोबरच्या बारा खुणा, 'त्वचा नॉर्मल', आणि खाली विद्या, विद्या, विद्या. "फॅमिलीने रोज व्हेरिफाय केलंय. शिवाय पेशंटचा फीडबॅक आहे." त्याने आपला फोन पुढे धरला. चित्रफितीत रघुनंदन विचारत होता, "अंकल, केअर कसं आहे?" आणि अण्णा छताकडे बघत म्हणत होते, सरी. "पाच स्टार," यशोवर्धन म्हणाला.

विद्याला त्या क्षणी कळलं की माणूस दुसऱ्याचा गळा का दाबतो. जन्मभर ज्या शब्दाची अण्णांनी इतकी राखण केली, तो या लोकांनी झोपलेल्याच्या खिशातून काढावा तसा काढून नेला होता.

"ताई," गुरू हळू आवाजात म्हणाला, "करून टाक सही. संध्याकाळी दोन बायका येतायत. आपण तरी काय करणार? तक्रार कुठं करायची, कुठली खिडकी, तेसुद्धा माहीत नाही. आणि सह्या आपल्याच आहेत. आपण उघडे पडू."

तो चुकीचं बोलत नव्हता. संध्याकाळी अण्णांना कोण वळवणार, हा प्रश्न खराच होता. सही केली की अण्णांना दोन माणसं मिळत होती, हवेची गादी मिळत होती. प्रेमा जात होती, ती तशीही चूकच होती ना? विद्याने पेन उचललं. टोपण काढलं. आणि सवयीने, ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकाची पानं चाळावीत तशी फाइल शेवटपर्यंत चाळली.

"आज तारीख काय?" तिने विचारलं.

"चोवीस, काकू."

"हा तक्ता तीस तारखेचा आहे. येत्या रविवारचा. त्यात बारा वेळा कूस बदललेली आहे. त्वचा नॉर्मल आहे."

यशोवर्धन जरा गडबडला. "ते... ऑटो-फिल असतं. बॅकएंडला."

त्याच वेळी टेबलावर पडलेला कंपनीचा फोन वाजला. बारा. कूस बदलण्याची वेळ. "एक सेकंद हं, नाहीतर एस्कलेट होईल," असं म्हणून यशोवर्धनने तो उचलला, अंगठ्याने दाबला आणि खाली ठेवला. माशी वारावी तसं. मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "हां, तर इथं सही—"

गुरूच्या खिशात टिंग झालं.

गुरूने फोन काढला. बघितला. मग तो फोन त्याने टेबलाच्या मधोमध ठेवला. हिरवी खूण. दुपारी बारा. कूस बदलली. प्रेमा.

प्रेमा बॅगेची चेन लावत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आतल्या खोलीत अण्णा सकाळी दहाला ठेवले होते त्याच कुशीवर होते.

यशोवर्धनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे फक्त अलर्ट क्लोज करायला..."

"कितीदा करता असं?" गुरूने विचारलं. "ऑफिसातून? रोज मी बेळ्ळंदूरमध्ये बसून बघतो ते हिरवं? कोण करतं ते?"

"सर, हाय-व्हॉल्यूम ऑपरेशन आहे, कधीकधी—"

"गप्प बसा," विद्या म्हणाली. ती उठून उभी राहिली. "काकू म्हणत होतात ना? मग काकूचं ऐका. ही बाई रात्री चार वाजता झोपेतून उठून खोटं दाबत होती, कारण तुम्ही तिच्या उशाशी भोंगा बांधला होता. तुम्ही भर दुपारी, शुद्धीत, कॉफी पिऊन दाबलंत. आतला माणूस वीस पावलांवर आहे. वीस पावलं चालायचा कंटाळा आला तुम्हाला! आणि काळ्या यादीत कोण, तर ती?"

तिने फाइल ओढून घेतली. पहिल्या तक्त्यावर आपल्या सहीच्या बाजूला लिहिलं: न बघता सही केली. खाली आजची तारीख, पुन्हा सही. दुसरा तक्ता. न बघता सही केली. तिसरा. अक्षर बिघडत गेलं, पेन कागदात रुतत गेलं, पण ती थांबली नाही.

"काकू, हे तुमच्याच विरुद्ध जाईल! आणि ओरिजिनल आहेत ती, ऑफिसची प्रॉपर्टी—"

"सही माझी प्रॉपर्टी आहे. जाऊ दे विरुद्ध. ग्राहक न्यायालयात मी पहिल्या ओळीत हेच लिहिणार. आमच्या घरात एक माणूस छत्तीस वर्षं न बघता काही पास करत नव्हता, आणि त्याच्या पोरीने त्याची पाठ न बघता पास केली. लिहिणार. नंतर तुमचं लिहिणार. गुरू, फोटो काढ प्रत्येकाचा. या चित्रफितीचाही. आणि त्या बारा वाजताच्या हिरव्याचा आधी काढ."

गुरू काढायला लागला होता.

यशोवर्धन उभा राहिला. पुण्याची गोडी संपली. "मग सर्व्हिस आत्तापासून बंद समजा. आणि करारात आहे, ह्या बाईला तुम्ही डायरेक्ट ठेवू शकत नाही. एक वर्ष."

"मी राहणारच नाही, सर," प्रेमा दारातून हिंदीत म्हणाली. "कंबर दाखवायला जायचंय मला. पण माझंही लिहून घ्या अक्का. कुठं कुठं खोटं दाबलं, कुणी सांगितलं, बाहुली किती किलोची होती. कानडीत लिहीन. चालतं ना?"

"पळेल," विद्या म्हणाली.

यशोवर्धन गेला. सही न झालेला कागद टेबलावरच राहिला, त्यावर गुरूने कॉफीचा पेला ठेवला.

बारा वीस झाले होते. विद्या आतल्या खोलीत गेली आणि या वेळी तिने दार सताड उघडं टाकलं. गुरू मागून आला. "मी खांदे धरतो," तो म्हणाला. प्रेमाने बॅग खाली ठेवली, पण आत आली नाही. उंबऱ्यातूनच सांगत राहिली. खाली चादर सरकवा. ओढू नका, कातडी घासते. गुडघा आधी दुमडा. सर, तुमचा हात चुकीच्या जागी आहे, बगलेखाली नको.

अण्णा वळले. विद्याने लुंगी पूर्ण काढली, ड्रेसिंग सोडवलं आणि मान न वळवता बघितलं. जखम, तिच्या कडा, टाचेवर नव्याने आलेला लाल डाग, मांडीवरचा जुना भाजल्याचा व्रण, बापाचं सगळं अंग. टाच तिने बोटाने दाबून पाहिली. लाली जात नव्हती.

"गुरू, वही आण. टाच पण लिही. वेळ लिही. बारा पंचवीस. पंचवीसच लिही, बारा नको."

"सरी," अण्णा म्हणाले. डावा हात गादीवर चाचपडत होता.

तिने तो हात पकडला.

"नाही अण्णा," ती म्हणाली. "सरी नाही. अजिबात सरी नाही." आणि कोमट पाण्यात कापूस बुडवला.